आभाळ वेगळे, जमीन वेगळी

मोबाइलवर फोटो उघडायचा, ‘आकाश’ निवडायचे आणि खालच्या शेताला धक्का न लावता वरचे आभाळ गडद करायचे, हे आज कोणीही करतो. ही सोय आली कोठून, याचा माग काढत आपण मागे गेलो, की पोहोचतो ते एका रासायनिक उणिवेपाशी. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने निगेटिव्हसाठी ओल्या कलोडियनची, म्हणजे चिकट रासायनिक द्रवाचा थर दिलेली, काच प्रचारात आणली. तपशील टिपण्यात ती सरस होती. पण निळा प्रकाश तिला चटकन लागे आणि हिरवा-तांबडा जवळपास लागतच नसे. झाडे नीट उमटेपर्यंत निगेटिव्हवर आभाळ इतके दाट बसे, की छापलेल्या कागदावर त्या जागी कोरा पांढरा पट्टाच उरायचा. ढगांची निगेटिव्ह वेगळी घ्यावी, असे इप्पोलित बायार या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५२ सालीच सुचवले होते. बायारच्या वाट्याला श्रेय असे कधी धडपणे आलेच नाही. इथेही नाव झाले ते ग्युस्ताव ल ग्रेचे. १८५६-५७ च्या सुमारास त्याने काढलेल्या सागरचित्रांनी पॅरिस आणि लंडनचे रसिक थक्क झाले. त्यांपैकी सेत बंदराजवळच्या प्रचंड लाटेच्या चित्रात समुद्र एका काचेवरचा आहे आणि आभाळ दुसऱ्या काचेवरचे. एक भाग झाकून दुसरा छापायचा, मग उलट करायचे, आणि सांधा नेमका क्षितिजरेषेवर आणायचा. तिथे निसर्गानेच रेघ ओढून ठेवलेली असल्याने जोड खपून जाई. गंमत म्हणजे ढगांची तीच काच ल ग्रेने एकाहून अधिक समुद्रांवर वापरली आहे, आणि त्याची चित्रे शेजारी शेजारी मांडली की ही लबाडी पकडता येते.

माणसांच्या आकृत्यांना मात्र अशी सरळ रेघ नसते. ते अवघड काम ऑस्कर गुस्ताव रेयलांडरने अंगावर घेतले. ‘टू वेज ऑफ लाइफ’ हे त्याचे चित्र १८५७ साली मँचेस्टरच्या भव्य कलाप्रदर्शनात लागले. तिसाहून अधिक निगेटिव्ह, आणि प्रत्येक छापताना बाकीचा सगळा कागद झाकलेला. एकेक आकृती तिच्या जागी उतरवायला त्याला सहा आठवडे लागले. चित्रात डावीकडे दुराचार, उजवीकडे सदाचार. व्हिक्टोरिया राणीने त्याची एक प्रत दहा गिनींना विकत घेऊन पतीला दिली. एडिंबरोकरांना मात्र नग्न आकृत्या पाहवेनात, म्हणून तिथल्या प्रदर्शनात डावी बाजू पडद्याआड ठेवून उजवी तेवढी दाखवली गेली. झाकून झाकून घडवलेल्या चित्रावर शेवटी प्रेक्षकांनीही झाकणच टाकले! पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सनने पाच निगेटिव्ह जोडून मरणासन्न मुलीचे चित्र केले. तेव्हा जोडकामाबद्दल जी ओरड झाली, ती थोड्याफार फरकाने आपण आजही ऐकतो.

शतक संपता संपता हे तंत्र सिनेमात शिरले. १८९८ साली जॉर्ज मेलिएसने काळ्या पार्श्वभूमीच्या आधाराने तीच फिल्म पुन्हा पुन्हा चालवून स्वतःचीच मुंडकी टेबलावर मांडून दाखवली. आपल्याकडे दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळले ते बडोद्याच्या कलाभवनातले शिक्षण, छायाचित्रण आणि छपाईची कामे पाठीशी घेऊनच. एका फिल्मवर दोनदा चित्रण करून पौराणिक चमत्कार उभे करताना त्यांना ही जुनी विद्या उपयोगी पडली.

दरम्यान छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलीत, म्हणजे डार्करूममध्ये, निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर टाकणारा एन्लार्जर आला होता, आणि त्याच्याबरोबर मास्कचे, म्हणजे या झाकणाचे, सर्वांत हलके रूप आले. तारेच्या टोकाला चिकटवलेला पुठ्ठ्याचा तुकडा कागद आणि भिंग यांच्यामध्ये धरायचा, की त्याच्या सावलीतला भाग उजळ राहतो. उलट दोन्ही हातांची ओंजळ करून फटीतून प्रकाश पडू दिला, की तेवढाच भाग काळवंडतो. यात एक पथ्य असे: हात स्थिर ठेवायचा नाही. तो सतत हलता राहिला तर सावलीची कड विरघळते. जरा थबकला, की प्रिंटवर त्याची रेघ उमटलीच. अन्सेल अ‍ॅडम्स हा या कामातला उस्ताद. १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र त्याने टिपला, पण खालचा भाग निगेटिव्हवर फार पुसट आला होता. १९४८ मध्ये त्याने निगेटिव्हचा तेवढाच भाग रसायनाने दाट करून घेतला. आभाळ तर तो वर्षानुवर्षे अधिकाधिक काळे छापत गेला. मात्र हाताची ती हालचाल कुठेच साठत नव्हती. दर प्रिंटला सगळा खेळ नव्याने करायचा.

माझ्या मते या इतिहासातले खरे वळण इथे येते, आणि ते छायाचित्रकारांच्या हातून आलेले नाही. १९७७ साली न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमुल आणि अल्वी रे स्मिथ संगणकाने चित्रे घडवत होते. पार्श्वभूमी बदलली की सारे चित्र पुन्हा गणावे लागे. त्यांनी प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या आणि निळ्या आकड्याला चौथा आकडा जोडला: हा बिंदू किती भरीव? शून्य म्हणजे आरपार, एक म्हणजे भरीव आणि अधले आकडे विरघळत्या कडेसाठी. डार्करूममधला हलता हात असा आकड्यांत साठला. चित्रे एकमेकांवर कशी रचायची याचे गणित १९८४ साली थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी नीट मांडले, आणि १९९६ मध्ये या चौघांना ऑस्करच्या अकादमीने तंत्रज्ञानाचा पुरस्कार दिला.

फोटोशॉप १९९० मध्ये आले तेव्हा त्यात लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले सुटे थर, नव्हते. चिकटवलेला तुकडा एकदा चित्रात बसला, की पुन्हा सुटा होत नसे. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले आणि १९९६ च्या चौथीत अ‍ॅडजस्टमेंट लेयर. मूळ चित्राला हात न लावता त्यावर नुसती दुरुस्ती तरंगत ठेवणारे. त्याच्या मास्कवर पांढरा रंग फिरवला की दुरुस्ती दिसते, काळा फिरवला की लपते, राखाडीने निम्मी. चूक झाली तर कुंचला उलट फिरवा. ल ग्रेला हे मिळाले असते, तर त्याची निम्मी रद्दी वाचली असती. फोटोशॉपमध्ये उजळ करण्याच्या साधनाचे चिन्ह आहे दांडीला लावलेली काळी टिकली आणि गडद करण्याचे चिन्ह मुडपलेला हात. डार्करूम कधी न पाहिलेली पिढीही ती चिन्हे वापरत आली.

२००८ साली लाइटरूम या फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅमच्या दुसऱ्या आवृत्तीत कॅमेऱ्याच्या कच्च्या (रॉ) फाइलवरच भागाभागाने कुंचला फिरवायची सोय झाली, आणि २०२१ मध्ये आकाश किंवा चित्रातला मुख्य विषय स्वतः ओळखून मास्क बनवणारे यंत्रही त्यात आले. क्षितिज ते सहज सांभाळते. भुरभुरणारे केस, पिंपळाची पाने, झिरझिरीत पदर इथे मात्र अजून गडबडते आणि आकृतीभोवती फिकट कडा सोडते. तेव्हा पुढच्या वेळी आभाळ गडद केलेत, की फोटो पाठवण्याआधी तो पूर्ण मोठा करून झाडांच्या शेंड्यांवर एकदा नजर फिरवा, आणि मास्क उघडून ती कड हाताने दुरुस्त करा.