दाक्षायणी वेलायुधन आणि वैशालीचे गणराज्य

भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील स्त्रियांचा इतिहास सांगताना आपण बहुधा सत्याग्रह, तुरुंगवास आणि हौतात्म्य यांपाशी थांबतो. या मार्गांनी गेलेल्या स्त्रियांचे ऋण मोठेच आहे. परंतु जे स्वातंत्र्य मिळवायचे ते कोणाचे, आणि ते मिळाल्यावर गावकुसाबाहेरच्या माणसाचे स्थान काय राहील, हा प्रश्न ज्या स्त्रियांनी विचारला त्यांची नोंद इतिहासाने फारशी घेतलेली नाही. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका स्त्रीच्या एका भाषणाचा विचार करीत आहोत. हे भाषण १९ डिसेंबर १९४६ रोजी, म्हणजे इंग्रजी सत्ता अद्याप या देशात असताना, संविधान सभेत झाले. पाली वाङ्मयाच्या अभ्यासकांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे, असे त्यात काही आहे.

दाक्षायणी वेलायुधन यांचा जन्म १९१२ साली कोचीन संस्थानातील मुलवुकाड या बेटावर पुलया समाजात झाला. पुलया म्हणजे भातशेतीत पिढ्यान्‌पिढ्या राबणारी अस्पृश्य जात. जमिनीबरोबर तिच्यावर राबणारी माणसेही विकली जात, अशी तेथील रीत होती. कोचीन संस्थानात गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १८५४ साली. परंतु कायदा झाला म्हणून वहिवाट बदलली नाही. १९१३ साली एर्नाकुलम येथे पुलया समाजाने सभा भरविण्याचे ठरविले, तेव्हा त्यांना जमिनीवर एकत्र जमण्याची मोकळीक नव्हती. म्हणून त्यांनी खाडीच्या पाण्यात होड्या एकमेकींना बांधल्या, त्यांवर फळ्या टाकल्या आणि पाण्यावरच सभा भरविली. पाणी कोणाच्या मालकीचे नव्हते! या चळवळीत दाक्षायणींच्या घरातील मंडळीही होती.

अशा घरातील ही मुलगी शिकली. महाविद्यालयात रसायनशास्त्र हा तिचा विषय होता. प्रयोग दाखविणारे उच्चवर्णीय अध्यापक तिला जवळ येऊ देत नसत. ती दुरूनच पाहून शिकली आणि १९३५ साली पदवीधर झाली. पुढे दहा वर्षे दाक्षायणींनी सरकारी शाळांत अध्यापन केले. १९४० साली आपल्या वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे, गांधीजी व कस्तुरबा यांच्या उपस्थितीत, आर. वेलायुधन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४५ साली त्या कोचीनच्या विधिमंडळात गेल्या आणि १९४६ साली मद्रास प्रांतातून संविधान सभेवर निवडून आल्या. त्या सभेत एकूण पंधरा स्त्रिया होत्या. त्यांत अस्पृश्य समाजातून आलेल्या दाक्षायणी एकट्याच.

९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेचे कामकाज सुरू झाले. १३ डिसेंबरला पंडित नेहरूंनी ध्येयधोरणांचा ठराव मांडला. १७ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यावर बोलले आणि त्यानंतर दोनच दिवसांनी चौतीस वर्षांच्या दाक्षायणी उभ्या राहिल्या. संविधान सभेने केवळ राज्यघटना लिहून थांबू नये, जनतेला जीवनाची नवी चौकट द्यावी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. अस्पृश्यांना हवे आहे ते नैतिक संरक्षण आणि सामाजिक निर्बंधांचे तात्काळ निर्मूलन, असे त्यांनी सांगितले. याच भाषणात त्यांनी प्राचीन भारतातील गणराज्यांकडे सभेचे लक्ष वेधले. लिच्छवींच्या गणराज्यात प्रत्येक नागरिकाला राजा म्हणत, आणि उद्याच्या भारतीय गणराज्यातही सत्ता जनतेकडूनच येईल, असा त्यांचा विचार होता.

येथे अभ्यासक म्हणून आम्हांस थांबावे लागते. लिच्छवींच्या गणराज्यात प्रत्येक जण खरोखरच राजा होता काय? जातकट्ठकथेत वैशालीच्या राजांची संख्या ७,७०७ अशी दिली आहे. तितकेच उपराजे, तितकेच सेनापती आणि तितकेच भांडागारिक असल्याचेही तेथे म्हटले आहे. ललितविस्तर या ग्रंथात तर प्रत्येक लिच्छवी स्वतःला राजाच समजतो, असा काहीसा उपहासाचा सूर आहे. परंतु हे ‘राजे’ म्हणजे खत्तिय कुळांतील पुरुष होते. ज्यांच्या कष्टावर त्यांची शेते पिकत त्या दास-कम्मकरांना संथागारात आसन नव्हते. स्त्रियांनाही नव्हते. महापरिनिब्बानसुत्तात तथागतांनी वज्जींच्या अभ्युदयाची जी सात कारणे, म्हणजे सात अपरिहानिय धम्म, सांगितले आहेत, त्यांत पाचवे स्त्रियांविषयी आहे. कुलस्त्रिया व कुलकुमारिका यांना बळजबरीने पळवून आणून ठेवू नये, असे ते आहे. त्या काळाच्या मानाने ही मोठीच गोष्ट होय. परंतु यात स्त्रीला संरक्षण आहे. सभेतील सहभाग नाही.

तात्पर्य असे की, दाक्षायणी जर लिच्छवींच्या वैशालीत जन्माला आल्या असत्या, तर दासांच्या पोटी जन्मलेली स्त्री म्हणून त्या दुहेरी वगळल्या गेल्या असत्या. मग त्यांचे विधान ऐतिहासिकदृष्ट्या सदोष म्हणून बाजूला सारावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. वैशालीतील ‘राजा’ हा शब्द मूठभर कुळांच्या मालकीचा होता. तो शब्द या स्त्रीने उचलला आणि ज्यांना रस्त्यावरून चालण्याचीही मुभा नव्हती त्यांच्यापर्यंत नेऊन पोहोचविला. जुन्या गणराज्यात जे अपूर्ण राहिले ते नव्या गणराज्याने पूर्ण करावे, ही मागणी त्या स्मरणात अनुस्यूत आहे.

याच वैशालीच्या महावनातील कूटागारशाळेच्या दारात महापजापती गोतमी सुजलेल्या पायांनी उभी राहिली होती आणि तेथेच स्त्रियांना संघप्रवेश मिळाला, हेही येथे आठवते. लिच्छवींच्या संथागाराने जे दार उघडले नाही ते संघाने उघडले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भारताच्या संसदीय परंपरेचा पुरावा म्हणून भिक्खुसंघाच्या कामकाजाचा दाखला दिला. आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सर्व नियम संघाला ठाऊक होते, असे त्यांनी दाखवून दिले. बाबासाहेबांचे ते भाषण आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच सभेत त्यापूर्वी तीन वर्षे एका अस्पृश्य स्त्रीने बुद्धकालीन गणराज्याचे नाव घेतले होते, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

या विस्मरणाची कारणे शोधताना आम्हांस स्वतःकडेही पाहावे लागते. दाक्षायणी काँग्रेसच्या बाजूने निवडून आलेल्या होत्या. विभक्त मतदारसंघ त्यांना मान्य नव्हते. घटनेचा मसुदा १९३५ च्या कायद्याच्या वळणावर गेला आहे आणि त्यात केंद्राच्या हाती फार सत्ता एकवटली आहे, अशी टीका त्यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये केली. म्हणजेच त्या सर्वस्वी आपल्या बाजूच्या नव्हत्या. आणि जो सर्वस्वी आपला नाही त्याची नोंद ठेवण्याची आपल्याला सवय नाही. दुसरीकडे, काँग्रेसच्या इतिहासात तुरुंगवास भोगलेल्या थोरामोठ्यांच्या कन्यांना व पत्नींना जे स्थान मिळाले, ते या शिक्षिकेला मिळाले नाही. दोन्ही बाजूंच्या स्मृतीने तिला मधल्या मोकळ्या जागेत सोडून दिले. वस्तुतः २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम सभेपुढे आले, तेव्हा दाक्षायणी त्याच्या समर्थनार्थ बोलल्या होत्या. मसुदा समितीचे अध्यक्ष स्वतःच अस्पृश्य समाजातील असताना अशा कलमावाचून संविधान होणे शक्य नव्हते, हेही त्यांनी त्या वेळी नमूद केले होते. मतभेद बाळगूनही सत्य मान्य करण्याचा हा प्रांजळपणा आज दुर्मीळ झाला आहे.

१९७७ साली त्यांनी दिल्लीत महिला जागृती परिषद स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

वज्जींना युद्धात जिंकता येणार नाही, त्यांच्यात फूट पाडूनच जिंकता येईल, असे मगधाचा महामात्य वस्सकार याने ओळखले होते, आणि अट्ठकथा सांगते त्याप्रमाणे पुढे तसेच घडले. वज्जी वारंवार एकत्र जमत, एकत्र विचार करीत, तोपर्यंत ते अजिंक्य होते. एकत्र जमणे याचा अर्थ केवळ समविचारी माणसांचा मेळावा असा नव्हे. ज्याचे मत आपल्याशी जुळत नाही त्यालाही आसन देणे, त्याचे म्हणणे नोंदवून ठेवणे, हा त्यातलाच भाग होय. आमच्या बुद्धविहारांतील अभ्यासवर्गांत संविधान सभेचे कामकाज वाचले जाते. तेथे १९ डिसेंबर १९४६ चे ते पानही उघडले जावे, एवढीच आमची विनंती आहे.