हातघाई की निकटयुद्ध?

छात्रसेनेतील आमच्या एका विद्यार्थ्याने मध्यंतरी आम्हाला पेचात टाकले. शिबिरात मिळालेल्या टिपणाचे त्याला मराठी करायचे होते आणि 'क्लोज क्वार्टर' या शब्दाशी तो अडला होता. मराठीचे अध्यापक म्हणून तो आम्हा दोघांकडे आला. आमच्यापैकी एकाने तत्काळ 'निकटयुद्ध' असे सांगितले; दुसऱ्याने तितक्याच तत्परतेने 'हातघाई'. मुलगा दोन्ही शब्द टिपून निघून गेला, पण आमचा वाद काही मिटला नाही. (रोह्यात शस्त्र दिसते ते दसऱ्यानंतर धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात तेव्हा. तरीही शस्त्रांच्या शब्दांवरून आम्ही भांडलो.)

'निकटयुद्ध'वाल्याचे म्हणणे असे की, 'हातघाई' हा शब्द आता वाक्प्रचारात विरघळला आहे. नगरपालिकेची सभाही हातघाईवर येते. प्रशिक्षणाला नेमका, भावनारहित शब्द हवा. शिवाय जिन्यात किंवा खोलीत बंदूक घेऊन शिरणारा जवान हाताने लढत नसतो. दुसऱ्याचा युक्तिवाद व्युत्पत्तीचा. 'घाई' म्हणजे केवळ त्वरा नव्हे, तीत जुन्या मराठीतला 'घाय', म्हणजे घाव, ऐकू येतो, असे त्याला वाटते. पहिल्याला ही ओढाताण वाटते. ते असो.

अशा वादांत शुद्ध-अशुद्धाचा प्रश्न लवकर शिरतो, पण लष्करी मराठीने त्याची फारशी पर्वा कधी केलेली नाही. 'कवायत' हा 'कायदा' या अरबी शब्दाच्या अनेकवचनातून आला. उर्दूत तोच शब्द व्याकरणालाही लावतात, हे आम्हा व्याकरण शिकवणाऱ्यांना सुखावणारे आहे. 'संगीन' फारसी, 'पलटण' युरोपीय. राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. पेशवा 'प्रधान' झाला, सरनौबत 'सेनापती' झाला. पण खालच्या फळीतला हवालदार हवालदारच राहिला. आजच्या भारतीय सैन्यातही संस्कृत 'नायक' आणि अरबी मुळाचा 'हवालदार' एकाच तुकडीत नांदतात. वरच्या पदांची नावे दरबारात बदलता येतात. रणात ओरडून हाक मारायचा शब्द तसा बदलत नसावा.

खरा गोंधळ 'गनिमी कावा' या शब्दाने केला आहे, असे आमचे (इथे मात्र दोघांचे) मत आहे. गनीम म्हणजे शत्रू, लुटारू. मोगल तवारीखकार मराठ्यांना गनीम म्हणत. म्हणजे शत्रूने दिलेले नाव आपण स्वतःच्या युद्धपद्धतीला अभिमानाने लावले. 'कावा' हा मुळात घोड्याला गोल फिरवण्याचा शब्द. पुढे त्याचा अर्थ डाव, कपट असा झाला आणि 'कावेबाज' तर उघड शिवीच झाली. सावरकरांनी 'वृकयुद्ध' हा पर्याय वापरला. तो ग्रंथांतच राहिला. 'गुरिल्ला' हा स्पॅनिश शब्द तर नुसते 'लहान युद्ध' एवढेच सांगतो. नेपोलियनविरुद्धच्या १८०८ नंतरच्या लढ्यात तो युरोपभर गेला. त्यात कपटाचा वास नाही. आमचे विद्यार्थी मात्र उत्तरपत्रिकेत 'महाराज कपटाने लढत' असे निरागसपणे लिहितात, आणि ते वाचताना लाल पेन कुठे चालवावे ते आम्हाला कळत नाही.

दोन खिंडी शेजारी ठेवून पाहाव्यात. १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत बाजीप्रभूंनी वाट रोखली. तिथे पाठलागावरच्या फौजेला अंगावर घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. सात महिन्यांच्या आत, २ फेब्रुवारी १६६१ रोजी, उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज अडकली. ही जागा आमच्यापासून दूर नाही. जिच्या खोऱ्यात ती लढाई झाली ती अंबा नदी पुढे आमच्याच तालुक्यातील नागोठण्यावरून वाहते. तिथे वरून बाण, गोळ्या, दगड आले. हात हाताला भिडण्याची वेळ फारशी येऊ दिली नाही. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला आणि खंडणी देऊन सुटला. एका ठिकाणी अंतर संपले होते, दुसऱ्या ठिकाणी ते जाणूनबुजून राखले होते. पाठ्यपुस्तकी भाषेत मात्र दोन्हींवर एकच चिठ्ठी: गनिमी कावा.

पानिपतच्या वेळी हा भेद शब्दांपुरता उरला नाही. कुटुंबकबिला आणि जड सामान मागे ठेवून सड्या फौजेने गनिमी पद्धतीने लढावे, हा मल्हारराव होळकर आणि सुरजमल जाट यांचा सल्ला. सदाशिवरावभाऊंचा भरवसा इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि कवायती पलटणींवर. इतिहासलेखक याला गनिमी कावा विरुद्ध गोलाची लढाई असे म्हणतात आणि अजून त्यावर भांडतात. पण १४ जानेवारी १७६१ ला काय झाले? काशीराजाच्या वृत्तांतानुसार, इब्राहिमखानाने गारद्यांना गोळीबार थांबवून संगिनी रोखून रोहिल्यांवर चालून जायला सांगितले. म्हणजे दुरून मारा करण्यासाठी नावाजलेली पायदळाची फळीच हातघाईवर आली. ती हातघाई अगतिकतेची नव्हती, शिकवलेली होती. संगिनीची चाल ही कवायतीचाच भाग असते.

इथे 'हातघाई'वाल्याला आपली बाजू थोडी सोडावी लागली. आखाड्यात फरी-गदगा खेळताना हातघाईच शिकवली जाते, पण तिला तिथे कोणी हातघाई म्हणत नाही; तिथे प्रत्येक हाताला, प्रत्येक पवित्र्याला वेगळे नाव असते. आणि 'निकटयुद्ध'वाल्यानेही मान्य केले की २६ नोव्हेंबर २००८ नंतर महाराष्ट्राने जे दल उभारले त्याचे नावच 'फोर्स वन' असताना आपल्या संस्कृत शब्दाची वाट कोणी पाहत बसलेले नाही.

पंधरा दिवसांनी तो मुलगा टिपण दाखवायला आला. आमचे दोन्ही शब्द त्याने खोडले होते आणि 'जवळून लढणे' असे लिहिले होते. जवळून म्हणजे किती पावलांवरून, असे आम्ही विचारले. ते शिबिरात सांगितले नव्हते, असे तो म्हणाला.