मुदत संपलेला स्पायडर-मॅन

जून २००४ च्या अखेरीस सॅम रेमीचा ‘स्पायडर-मॅन २’ अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत लागला आणि त्याच आठवड्यात त्याच नावाचा व्हिडिओ गेम दुकानांत आला. कॅलिफोर्नियातल्या ट्रेआर्क स्टुडिओने तो बनवला आणि अ‍ॅक्टिव्हिजनने विकला. आज त्याची आठवण निघते ती बहुधा सोनीच्या प्लेस्टेशन २ या कन्सोलबरोबरच. चित्रपटाच्या शेपटाला बांधून आलेल्या अशा खेळांचे आयुष्य एरवी एका सुट्टीपुरते असते. हा खेळ मात्र वीस वर्षांनंतरही लोकांना हवा आहे, आणि तोही लेन्स म्हाताऱ्या झालेल्या, दर दुसऱ्या डिस्कला नकार देणाऱ्या एका जुन्या यंत्रावर. याला बालपणाचे कढ म्हणून बाजूला सारता येते, आणि बहुतेक वेळा सारले जातेच. माझे म्हणणे असे की या ओढीत एका कारागिरीची अचूक पारख आहे. चित्रपटावर खेळ करायच्या ज्या परवान्याने त्या कारागिरीला जन्म दिला त्याच परवान्याने तिला बाजारातून हद्दपार केले, त्यामुळे तिची राखण आज जवळजवळ पूर्णपणे ही ओढ असलेल्यांवर येऊन पडली आहे. तेव्हा या स्मरणरंजनाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहायला हवे.

पारख म्हणतो त्याला पुरावा आहे. त्याच वर्षी, त्याच चित्रपटावर, त्याच नावाने पीसीसाठीही एक खेळ निघाला. वेष्टनावर चित्रपटातल्या टोबी मॅग्वायरचा तोच मुखवटा होता. पण आतला खेळ निराळाच होता: लहान मुलांसाठी सोपा करून टाकलेला, नेमून दिलेल्या ठिकाणीच जाळे फेकू देणारा. आठवणींचे कारण केवळ वय किंवा चित्रपटाची मोहिनी असते, तर दोन्ही खेळ सारख्याच मायेने आठवले गेले असते. तसे घडलेले नाही. पीसीवरचा खेळ आठवतो तो फसगत म्हणून, आणि कन्सोलवरचा आठवतो तो झोक्यासाठी. २००२ मध्ये आलेल्या आधीच्या ‘स्पायडर-मॅन’ खेळात जाळ्याची दोरी वर कुठेतरी आभाळातच अडकत असे, आणि खाली रस्त्यावर उतरण्याची सोयच नव्हती. ट्रेआर्कमधल्या जेमी फ्रिस्ट्रमने नमुना करून दाखवला तो निराळ्याच गोष्टीचा: दोरी खऱ्याखुऱ्या इमारतीलाच चिकटली पाहिजे आणि लंबकासारखी वागली पाहिजे. दोरी नेमक्या क्षणी सोडली तर वेग हाती येतो, उशीर झाला तर उंची जाते, आणि मोकळ्या मैदानावर चिकटायला भिंतच नसल्याने पाय जमिनीला टेकतात. हे सगळे अवघी ३२ मेगाबाइट मुख्य स्मृती असलेल्या यंत्रावर, अख्खे मॅनहॅटन डिस्कवरून तुकड्यातुकड्याने उचलत. लांबच्या इमारती धुक्यात विरलेल्या दिसतात, रस्त्यावरची माणसे ठोकळ्यांसारखी आहेत, मारामारी कंटाळवाणी आहे आणि फुगा सुटलेल्या मुलांचे रडणे असह्य आहे. हे दोष आठवण काढणारेच सांगतात. आंधळी माया असे दोष मोजत नाही. चित्रपटाची गोष्ट तर काही तासांत संपते. लोकांना आठवते ती त्यानंतरची भटकंती आणि घड्याळाच्या काट्यावर पोचवलेले पिझ्झे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: चित्रपटांवरचे बहुतेक खेळ टाकाऊच होते, मग एका अपवादावरून एवढा डोलारा कशाला? बहुतेक टाकाऊ होते हे खरेच आहे. अटारीच्या ‘ई.टी.’ची गोष्ट जगजाहीर आहे. १९८२ च्या जुलैअखेर हक्कांचा सौदा झाला आणि नाताळच्या बाजारासाठी हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांच्या हातात जेमतेम पाच आठवडे उरले. पुढच्याच वर्षी त्या खेळाची न खपलेली कार्ट्रिज न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरली गेली, आणि २०१४ मध्ये ती उकरूनही काढली गेली. याच्या दुसऱ्या टोकाला ‘गोल्डनआय ००७’ आहे. चित्रपट १९९५ चा, खेळ १९९७ च्या ऑगस्टमधला. इंग्लंडमधल्या रेअर कंपनीच्या चमूतल्या बहुतेकांनी त्याआधी एकही खेळ केला नव्हता, पण चित्रपट येऊन गेला तरी निंटेंडोने त्यांना थांबवले नाही. चौघांनी एकाच पडद्यावर खेळायची सोय, जिच्यामुळे तो खेळ ८० लाखांवर खपला, ती अगदी शेवटच्या काही महिन्यांत बसवली गेली. तारीख पाळली गेली असती तर ती जन्मालाच आली नसती. या दोन टोकांमध्ये ठेवून पाहिले की ट्रेआर्कचे काम समजते. प्रदर्शनाची तारीख त्यांनाही चुकली नाही. पण गोष्ट, खलनायक आणि नट बाहेरून ठरून आले होते, तेव्हा त्यांनी आपली बहुतेक कल्पकता हालचालीत ओतली. परवान्याची चौकट मारते तशी कधी कधी मोकळेही करते, आणि ते फक्त अशा अपवादातच दिसते. म्हणूनच अपवादाचा इतिहास लिहायचा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०१८ मध्ये इन्सॉम्नियॅक स्टुडिओने प्लेस्टेशन ४ वर आणलेला ‘स्पायडर-मॅन’ सर्व बाजूंनी सरस आहे, मग जुन्याचा ध्यास का? देखणेपणात आणि गोष्टीच्या पकडीत तो सरस आहे यात वाद नाही. पण तिथे कितीही उंचावरून पडले तरी इजा होत नाही, आणि झोका बराचसा खेळच सांभाळून घेतो. जुन्या खेळात पडणे लागत असे, म्हणून न पडणे ही खेळणाऱ्याची कमाई होती. त्याच स्टुडिओने २०२३ च्या ‘स्पायडर-मॅन २’ मध्ये झोक्याला मिळणारी मदत कमी करण्याचा आणि पडल्यावर इजा होऊ देण्याचा पर्याय दिला. त्यामागचे कारण काहीही असो, नव्या खेळाच्या यादीत जुन्याचा गुण परत येऊन बसला आहे. जुनी आठवण धरून बसलेले लोक काहीतरी खरे सांगत होते, असाच याचा अर्थ मी लावतो.

मग तो जुना खेळ पुन्हा का निघत नाही? इथे हक्कांचा गुंता समोर येतो. पात्र मार्व्हलचे, आणि मार्व्हल २००९ मध्ये डिस्नेने विकत घ्यायचे ठरवले. चित्रपट सोनीचा. खेळ अ‍ॅक्टिव्हिजनचा, आणि ती कंपनी २०२३ पासून मायक्रोसॉफ्टच्या, म्हणजे कन्सोलच्या धंद्यातल्या सोनीच्या प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात. आवाज आणि चेहरे नटांचे. एवढ्यांना एका मेजाभोवती बसवण्याचा खर्च वीस वर्षांपूर्वीच्या खेळाच्या विक्रीतून निघणार नाही, म्हणून कोणी बसवतही नाही. ‘गोल्डनआय’ला असाच तिढा सुटून नव्या यंत्रांवर यायला २०२३ साल उजाडले. केवळ डाउनलोडवर विकला गेलेला ‘स्कॉट पिल्ग्रिम’ २०१४ मध्ये दुकानातून उठला तो २०२१ पर्यंत विकत मिळतच नव्हता. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के त्या वेळी बाजारात उपलब्ध नसल्याचे आढळले. चित्रपटांवरच्या खेळांचे दुखणे त्यातही बिकट, कारण त्यांच्या परवान्यालाच मुदत असते. जुन्या यंत्राची नक्कल करणारे इम्युलेटर आहेत की, असे कोणी म्हणेल. आहेत, आणि ते लिहिणाऱ्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्यांनाही खेळाची मूळ डिस्क लागते, आणि बहुधा मूळ यंत्राचा बायॉस, म्हणजे ते सुरू करणारी आज्ञावलीही. शिवाय खेळ बंद झाले तरी ग्रंथालयांनी ते संशोधकांना दुरून पाहू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. संस्थांचे हात बांधलेले आहेत. मोकळे आहेत ते कपाटात डिस्क जपणाऱ्यांचे.

आपल्याकडे या गोष्टीला एक खास वळण आहे. प्लेस्टेशन २ जपानात मार्च २००० मध्ये आले, जगभरात १५ कोटींहून जास्त विकले गेले, आणि २००६ मध्ये त्याचा वारसदारही आला. भारतात मात्र ते त्यानंतरही कितीतरी वर्षे मध्यमवर्गाला परवडणारे यंत्र राहिले. म्हणून २०११ च्या ‘रा.वन’वर मुंबईच्या ट्राइन गेम्सने खेळ केला तेव्हा तो प्लेस्टेशन ३ बरोबर या जुन्या यंत्रासाठीही निघाला. हैदराबादच्या गेमशास्त्राचा ‘डॉन २’ तर २०१३ मध्ये आला, ज्या वर्षाच्या सुरुवातीलाच प्लेस्टेशन २ चे उत्पादन जगभर थांबल्याची बातमी आली होती. हे खेळ ट्रेआर्कच्या तोडीचे होते असा दावा मी करणार नाही. पण भारतीय चित्रपट आणि भारतीय प्रोग्रामर कन्सोलवर भेटले त्या थोड्या प्रसंगांतले हे प्रसंग आहेत. आणि कन्सोल बाजारातून निघता निघता ते घडले, म्हणून त्यांची नोंद आणखीच विरळ राहिली.

हे तर जाहिरातीचे साहित्य, ते कशाला जपायचे, असा शेवटचा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर पुण्यातच आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चित्रफितींबरोबर पोस्टर, छायाचित्रे आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जपल्या आहेत. त्या पुस्तिका थिएटरबाहेर चार-दोन आण्यांना विकल्या जात, तेव्हा त्याही जाहिरातच होत्या. ज्या बोलपटांच्या फिती नष्ट झाल्या त्यांची गाणी, कथासार आणि नटांची नावे आज अशाच पुस्तिकांतून कळतात. ‘रा.वन’ची डिस्क त्याच कपाटात शोभेल. मात्र ती नुसती ठेवून भागणार नाही: चालू स्थितीतले एक प्लेस्टेशन २, त्याचे मेमरी कार्ड, जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणि यंत्राची लेन्स बदलू शकणारा कारागीर, एवढे सोबत लागेल. तो खेळ बनवणारी मंडळी आज चाळिशी-पन्नाशीत असतील. त्यांच्या मुलाखती घेणे, खेळ चालू असतानाचे चित्रण करून ठेवणे आणि लोकांकडच्या डिस्क देणगी म्हणून स्वीकारणे, या कामांना हॉलिवूडमधल्या कोणाची परवानगी लागत नाही.