गोदीचे दार आणि भरतीचे गणित

सावद्याहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही खानदेशातल्या शेतमालाचे नशीब जहाजांच्या वेळेशी दीडशे वर्षे बांधलेले आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडून इंग्लंडला जाणारा कापूस अडला आणि खानदेशच्या कापसाला एकाएकी मागणी आली. पाठोपाठ रेल्वेही आली. गाठी मुंबईला पोचू लागल्या, पण पुढे काय? बोटी खाडीत नांगर टाकून उभ्या राहत आणि माल पडावांतून त्यांच्यापर्यंत न्यावा लागे. यात वेळ जाई, माल भिजे.

म्हणून गोद्या बांधल्या गेल्या. कुलाब्याची ससून गोदी १८७५ ची. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टने १८८० मध्ये प्रिन्सेस आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया गोदी सुरू केली. गोदी म्हणजे दार असलेला मोठा हौदच. भरतीला पाणी चढले की दार उघडायचे, बोटी आत-बाहेर करायच्या आणि पाणी उतरण्याआधी दार लावून घ्यायचे. ओहोटीतही आतले पाणी टिकते, बोट धक्क्यालगत तरंगत राहते आणि माल थेट चढवता येतो.

मात्र आता बोटीला वाटेल तेव्हा येऊन चालेना. तिची भेट आधी ठरवावी लागे. बोट किती लांब, तिचा किती भाग पाण्याखाली, माल कोणता हे तिचा एजंट बंदराला कळवी. बंदर धक्का, पायलट आणि दार उघडण्याची वेळ ठरवी. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, वाफेच्या बोटींमुळे प्रवासाचे दिवस मोजता येऊ लागले. १८७० मध्ये समुद्राखालून तार आली आणि बोट निघाल्याची बातमी बोटीच्या आधी पोचू लागली. राहिला प्रश्न भरतीचा.

भरतीची वेळ आपल्याकडे किनाऱ्यावरच्या लोकांना तोंडपाठ असते. तिथीची पाऊणपट करा: चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता मुंबईला पूर्ण भरती. त्यानंतरची भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी. हिशेब ढोबळ, पण होडीला पुरेसा. बोटीला मात्र वेळेबरोबर पाण्याची उंचीही हवी. मुंबईत उधाणाची भरती सरासरी ४.४ मीटर चढते, भांगाची ३.३ मीटर.

एक काल्पनिक उदाहरण करून पाहू. गोदीच्या उंबऱ्यावर ओहोटीच्या पातळीला ५ मीटर पाणी आहे. बोटीचा ८ मीटर भाग पाण्याखाली आहे आणि तळाखाली निदान अर्धा मीटर पाणी मोकळे हवे. म्हणजे भरती ३.५ मीटर तरी हवी. उधाणाला बोट सहज आत येईल. भांगाला २० सेंटिमीटरसाठी अडेल. मग पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत बोट, खलाशी आणि स्टेशनवरच्या गाठी सगळेच खोळंबणार. अंदाज चुकून बोट उंबऱ्यावर बसली, तर त्याहून मोठे संकट.

उंची आधीच सांगायची कशी? चंद्र आणि सूर्य दोघेही पाणी ओढतात. चंद्र कधी जवळ असतो, कधी दूर. कधी विषुववृत्तावर, कधी उत्तरेला वा दक्षिणेला. या प्रत्येक कारणाची एक साधी लाट मानायची आणि सगळ्या लाटांची बेरीज करायची, ही विल्यम थॉमसन म्हणजे लॉर्ड केल्व्हिन यांची रीत. प्रत्येक बंदरात कोणती लाट किती मोठी, हे मात्र मोजूनच कळते. अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याच्या पातळीच्या नोंदी आहेत. वर्षभराची बेरीज हाताने करणे जिकिरीचे, म्हणून एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या आराखड्यानुसार १८७९ मध्ये लंडनला खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी यंत्र तयार झाले. प्रत्येक लाटेला एक कप्पी, सगळ्या कप्प्यांवरून गेलेली एकच तार आणि तारेच्या टोकाला लेखणी. दांडा फिरवला की कागदावर पुढच्या भरत्या उमटत. मुंबईच्या गोदीचे दार केव्हा उघडायचे, हे असे लंडनमधल्या कप्प्यांवर काढलेल्या कोष्टकावरून ठरू लागले.

पुढे कंटेनर ठेवायला जागा हवी म्हणून प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या भरून टाकण्यात आल्या. सावदा परिसरातली निर्यातीची केळी १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरातून जातात. तिथे गोदीचे दार नाही, पण वेळेचे बंधन आहेच. बोटीसाठी बंदरात माल स्वीकारण्याची मुदत असते. साधारण १३-१४ अंश सेल्सियसला राखलेला केळ्यांचा कंटेनर त्याआधी पोचला पाहिजे. म्हणून बोट केव्हा लागणार यावरून मागे मोजत घड कापण्याचा दिवस ठरतो.

वर्गात करून पाहा: पंचांगातून महिनाभराच्या तिथी घेऊन मुंबईच्या भरतीच्या वेळा काढा आणि छापील कोष्टकाशी ताडा. फरक कोणत्या तिथीला वाढतो आणि का, हे मुलांनाच शोधू द्या. पाऊण तासाऐवजी ४८ मिनिटे धरली, तर काय होईल?