तारखांमधून दिसणारे गजाननबुवा

संगीत नाटक अकादमीच्या 1972 च्या पुरस्कारांच्या यादीत गजाननराव जोशी हे नाव हिंदुस्थानी वाद्यसंगीताच्या विभागात आहे आणि नावापुढे वाद्य लिहिले आहे व्हायोलिन. नोंद बरोबरच आहे. पण ज्यांनी डोंबिवलीत त्यांच्यापुढे बसून ख्याल घोटला, त्यांच्या लेखी बुवा आधी गवई आणि मग बाकी सगळे. एकाच माणसाची ही दोन रूपे कशी जुळवायची? बुवांच्या आयुष्यातल्या काही तारखा शेजारी शेजारी मांडून पाहिल्या तर बरेचसे चित्र उलगडते.

अकादमीच्याच याद्यांपासून सुरुवात करू. सतरा वर्षे मागे, 1955 मध्ये, कंठसंगीतासाठी अनंत मनोहर जोशींचा सन्मान झालेला दिसतो. हे गजाननबुवांचे वडील, अंतूबुवा. 1881 चा जन्म, किन्हईचे, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि पुढे औंध दरबारचे गवई. त्यांच्यानंतर लगेच 1956 ला राजाभैया पूछवाले, 1959 ला कृष्णराव शंकर पंडित आणि 1961 ला मिराशीबुवा. मिराशीबुवाही बाळकृष्णबुवांचेच शिष्य, म्हणजे अंतूबुवांचे गुरुबंधू. सात वर्षांत ग्वाल्हेर गायकीचे चार बुजुर्ग. अशा घरातला मुलगा त्याच याद्यांमध्ये पुढे आला तो मात्र वादकांच्या रांगेत.

गजाननबुवांचा जन्म 30 जानेवारी 1911 चा, गिरगावातला. गाण्याची तालीम वडिलांकडे झाली. तबल्याचेही रीतसर शिक्षण झाले, आणि ते पुढे त्यांच्या लयीच्या हिशेबात कायम दिसत राहिले. व्हायोलिन त्या काळी महाराष्ट्रात कर्नाटकी वादकांमुळे परिचयाचे होत होते, पण त्यावर ख्याल वाजवण्याचा रस्ता मळलेला नव्हता. बुवांनी जे वाजवले ते गायकी अंगाने. गळ्यातली बंदिश आणि तिची बढत गजावर उतरवायची, अशी ती रीत.

इथे आणखी एक तारीख लक्षात घ्यायला हवी. 1 मार्च 1940 पासून आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. बुवा तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. पेटी गेली म्हणजे साथीला सारंगी नाहीतर व्हायोलिन. सारंगीला महाराष्ट्रातल्या पांढरपेशा घरांत कोठीचा वास येत असे. हा अन्यायच, पण होता. त्यामुळे ख्याल जाणणाऱ्या व्हायोलिनवादकाला त्या काळात एकदम भाव आला असणार, हा माझा तर्क आहे आणि मला तो पटतो. पुढे बुवा आकाशवाणीच्या नोकरीत होते. रेडिओवरून घरोघरी पोचलेली त्यांची वादक ही ओळख सरकारी कागदातही पक्की झाली असेल, तर नवल नाही.

खरा मुद्दा गाण्याचा आहे. मैफलीच्या पत्रकांत ‘ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची तालीम’ असे एक वाक्य असते. ते इतक्यांच्या नावापुढे छापून आले आहे की वाचणारा त्यावरून पुढे सरकतो. गजाननबुवांच्या बाबतीत तिथे थांबले पाहिजे. वडिलांखेरीज त्यांनी रामकृष्णबुवा वझ्यांकडून घेतले, अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जीखाँ यांच्याकडून जयपूरची गायकी घेतली आणि विलायत हुसेनखाँ यांच्याकडून आग्र्याची. वझेबुवा 1945 ला गेले, भूर्जीखाँ 1950 ला, विलायत हुसेनखाँ 1962 ला. शिक्षण त्याआधीचे, एवढे त्यातून नक्की. म्हणजे घरात ग्वाल्हेरची पूर्ण विद्या असताना हा माणूस एकामागून एक वेगळ्या उस्तादांपुढे शागीर्द म्हणून बसत होता. दरबारी गवयाच्या मुलाला ते सोपे गेले नसेल.

तुलनेला मल्लिकार्जुन मन्सूर घ्यावेत. बुवांपेक्षा एकाच महिन्याने मोठे, तेही मुळात ग्वाल्हेरच्या तालमीतले, तेही आधी मंजीखाँ आणि मग त्यांचे भाऊ भूर्जीखाँ यांच्याकडे शिकलेले. मन्सूर मात्र जयपूरचेच झाले. आज त्यांना कुणी ग्वाल्हेरचे म्हणत नाही. गजाननबुवांनी जुने घर सोडले नाही आणि नवीही सोडली नाहीत. तिलवाड्यातली ग्वाल्हेरची बंदिश असेल तर स्थायी-अंतरा स्वच्छ मांडून मग बढत. आग्र्याची असेल तर नोमतोमचा दम आणि बोलांची लयीशी झोंबाझोंबी. जयपूरचा अनवट राग असेल तर आकाराने विणत नेलेली तान, आवर्तनाच्या श्वासाला धरून. तिन्हींची भेळ नाही, हे त्यातले अवघड काम.

याचा पुरावा शिष्यांच्या गाण्यात ऐकायला मिळतो. उल्हास कशाळकर 1955 चे. राम मराठ्यांकडेही शिकलेले. एकाच मैफलीत ते तीन घराण्यांच्या तीन बंदिशी गातात आणि प्रत्येकीची चाल वेगळी ठेवतात. पद्मा तळवलकर मोगूबाई कुर्डीकरांची तालीम घेऊन बुवांकडे आल्या. वीणा सहस्रबुद्धे कानपूरच्या बोडस घराण्यातून आल्या. अरुण कशाळकरांनी आग्र्याची वाट धरली. अशोक दा. रानडे संगीतशास्त्राकडे गेले. एका गुरूचे शिष्य म्हणून हे सगळे सारखे गायला हवे होते; कुणीच कुणासारखे गायले नाही. भूर्जीखाँसमोर बसताना वडिलांचे गाणे न विसरलेल्या माणसाने शिष्यांनाही आपली नक्कल करायला लावली नाही, असे मी यातून वाचतो. शिस्तीला मात्र सवलत नव्हती. लय सुटली की पुन्हा पहिल्यापासून.

हे शिक्षण उत्तरायुष्यात डोंबिवलीत चालले. आज शीळफाट्यावरून कल्याणच्या रस्त्याला लागले की दुतर्फा टॉवर दिसतात. बुवांच्या काळात शिष्यांची वाट लोकलची. कल्याणला 1926 पासून गायन समाज होता, ठाण्यात राम मराठे होते. या पट्ट्यात गाण्याला कान कमी नव्हते. कल्याण-डोंबिवली महापालिका 1983 ची. त्याच्या दोन वर्षे आधी, 1981 मध्ये, सत्तरीत पोचलेल्या बुवांनी शिवानंद स्वामी संगीत प्रतिष्ठान स्थापले. त्याचे मूळ औंधला आहे. अंतूबुवांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ 1940 पासून तिथे संगीत उत्सव सुरू केला होता. औंध संस्थान विलीन झाले, 1967 ला अंतूबुवा गेले, तरी उत्सव बुवांनी चालू ठेवला होता, आणि आता त्याला संस्थेचा आधार दिला.

28 जून 1987 ला बुवा गेले. अश्विन वद्य पंचमीचा औंधचा उत्सव शिष्यांनी पुढे चालवला आणि तिथे ख्यालही होतो, व्हायोलिनही वाजते.