शनिवारच्या खाऊमागचे दफ्तर

स्वीडन देशात मुलांच्या खाऊचा वार ठरलेला आहे, आणि तो शनिवार होय. इतर सहा दिवस गोड मागणाऱ्या मुलाला "शनिवारी" एवढेच उत्तर मिळावे, आणि शनिवार उजाडताच दुकानातल्या उघड्या खणांतून रंगीत गोळ्या स्वतःच्या हाताने पिशवीत भरून घेण्याची त्याला मुभा असावी, हा शिरस्ता तेथील घराघरांत इतका मुरलेला आहे की, तो पणज्यांच्या काळापासून चालत आला असावा असे परक्याला सहज वाटते. वस्तुतः त्याला शंभर वर्षेही झालेली नाहीत. १९५० नंतरच्या दशकात त्या देशाच्या सरकारी वैद्यकीय खात्याने आईबापांना असा उपदेश केला की, मुलांना मिठाई हवी तेवढी द्या, पण आठवड्यातून एकदाच द्या. आणि हा उपदेश ज्या पुराव्यावर उभा होता तो पुरावा लुंड शहरातील एका सरकारी इस्पितळात, नकार देण्याचे सामर्थ्य ज्यांच्या ठायी नव्हते अशा माणसांच्या दातांवर मिळविलेला होता.

गोडाचा आणि दंतक्षयाचा काही संबंध असावा हा संशय जुना आहे. दाताला लागणारी कीड हा खरोखरीचा किडा होय अशी समजूत प्राचीन बाबिलोनपासून यूरोपपर्यंत पसरलेली होती, आणि आपल्याकडे सुश्रुतानेही दंतरोगांत 'कृमिदंतक' गणिला आहे. पण १५९८ साली इंग्लंडच्या दरबारात गेलेल्या पॉल हेंत्स्नर या जर्मन प्रवाशाने एलिझाबेथ राणीचे काळे पडलेले दात पाहून त्याचे कारण इंग्रजांची साखरेची अतिरिक्त हौस हेच दिले. त्या काळी साखर ही राजेरजवाड्यांची आणि धनिकांची चीज होती, म्हणून काळे दातही त्यांचेच. १७२८ साली प्येर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात, सूक्ष्मदर्शकातून शोधूनही आपणांस दातांत किडे आढळले नाहीत असे नमूद केले. आणि बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकनाने १८९० साली असे प्रतिपादन केले की, तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेचे व पिष्टाचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचे कठीण वेष्टन विरघळवून टाकते. तोवर साखर दरबारातून उतरून गिरणी-कामगाराच्या झोपडीत पोहोचली होती. १८७४ साली इंग्लंडने साखरेवरची जकात सर्वस्वी उठविली, आणि त्यानंतरच्या पिढीतले जे तरुण बोअर युद्धाच्या भरतीसाठी आले त्यांच्यापैकी पुष्कळांना दात खराब म्हणून परत पाठवावे लागले, तेव्हा मुलांचे दात हा राज्यकर्त्यांच्या चिंतेचा विषय झाला.

मिलरने कारण सांगितले तरी वाद मिटला नाही. पहिले महायुद्ध संपत आले असता मे मेलन्बी या विदुषीने कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून असे दाखविले की, आहारात ड जीवनसत्त्व उणे पडले तर दाताची घडणच कच्ची होते. पुढे अनाथाश्रमांतील व इस्पितळांतील मुलांवर निरीक्षणे करून, कच्च्या घडणीचा दात किडीला लवकर बळी पडतो असे त्यांनी मांडले. तेव्हापासून दोन पक्ष पडले. दात उगवल्यानंतर त्याला काय लागते याकडे एक पक्ष पाही, आणि दात हिरडीखाली घडत असताना शरीराला काय मिळाले याकडे दुसरा. मला स्वतःला हा वाद दंतवैद्यकाच्या इतिहासातील सर्वांत फलदायी वाद वाटतो, कारण मुलाचे शरीर आपल्या बाल्यातील आहाराची नोंद कोठे आणि किती काळ ठेवते, हा प्रश्न त्यात प्रथम स्पष्टपणे विचारला गेला.

१९३८ साली स्वीडनने सार्वजनिक दंतसेवा स्थापन केली. मुलांच्या तोंडांची तपासणी सुरू होताच किडलेल्या दातांची संख्या इतकी भयंकर निघाली की, देशातील सगळे दंतवैद्य कामाला लावले तरी नुसते दात भरण्यातच त्यांचे आयुष्य गेले असते. तेव्हा रोगाचे मूळ शोधल्यावाचून गत्यंतर नाही अशा निर्णयाला सरकार आले, आणि त्या शोधासाठी लुंडच्या विपेहोल्म या इस्पितळाची निवड झाली. १९३५ साली उघडलेल्या या संस्थेत सुमारे हजार मतिमंद माणसे राहत. सरकारी दफ्तरात त्यांची वर्गवारी 'शिकविता न येण्याजोगे' अशी होती. त्यांचा शिधा ठरलेला, दिनक्रम ठरलेला, बाहेरून कोणी काही आणून देण्याचा संभव अत्यल्प. अर्थात प्रयोगकर्त्याच्या दृष्टीने याहून सोयीची जागा दुसरी नव्हती, आणि नेमक्या याच सोयीत त्या प्रयोगाचा सारा दोष साठविलेला आहे.

१९४५ साली आरंभ झाला तो निरुपद्रवी होता. जीवनसत्त्वे दिल्याने दंतक्षय कमी होतो की काय, हे पाहावयाचे होते. दोन वर्षांनी रोख पालटला आणि दात किडविण्याच्या हेतूनेच साखर देण्याची तजवीज झाली. रहिवाशांचे गट पाडण्यात आले. एका गटाला जेवणाबरोबर साखरेचे पेय, दुसऱ्याला गोड पाव, तिसऱ्याला दोन जेवणांच्या मधल्या वेळेत चॉकलेट. आणि काही गटांना मुद्दाम बनवून घेतलेली, दातांच्या फटींत चिकटून बसेल अशी मोठी टॉफी, एका गटात तर दिवसाला चोवीसपर्यंत. या कामाला सरकारी पैसा होताच, पण साखर आणि मिठाईच्या व्यवसायानेही पैसा पुरविला होता. ४३६ व्यक्तींवरील पाच वर्षांच्या निरीक्षणांचा अहवाल १९५४ साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की, जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने दंतक्षय फारसा वाढत नाही. तीच साखर चिकट रूपात आणि जेवणांच्या मधल्या वेळेत वारंवार पोटात गेली तर तो झपाट्याने वाढतो. आणि टॉफी बंद केली की नवीन कीड लागण्याचे मान पुन्हा उतरते.

या निष्कर्षाचे कारण तोवर कळून चुकले होते. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने १९४० नंतरच्या दशकाच्या आरंभी असे मोजून दाखविले होते की, तोंडात साखर गेल्यावर दातांवरच्या थरातील आम्लता काही मिनिटांतच तीव्र होते, आणि ती पूर्वपदाला येण्यास अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. दर तासाला एक गोळी चघळणाऱ्या मुलाच्या दातांना लाळेकडून डागडुजी करून घेण्यास उसंतच मिळत नाही. शनिवारच्या खाऊचे शास्त्र ते हेच: अपराध साखरेच्या वजनापेक्षा तिच्या फेऱ्यांचा अधिक आहे.

शास्त्र खरे आहे, आणि ते मुलांच्या उपयोगी पडले हेही खरे आहे. पण १९४७ सालच्या ऑगस्टमध्ये न्यूरेंबर्गच्या न्यायासनाने नाझी डॉक्टरांच्या खटल्यात निकाल देताना, ज्या मनुष्यावर प्रयोग करावयाचा त्याची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक होय हे तत्त्व पहिल्या कलमात घातले, आणि त्याच सुमारास, युद्धापासून अलिप्त राहिलेल्या, सुशिक्षित, लोकशाही स्वीडनमध्ये टॉफीच्या पेट्या विपेहोल्मच्या खोल्यांतून वाटल्या जात होत्या. त्या रहिवाशांना कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी पुष्कळांना समजले नसते. पण न समजणाऱ्याची जबाबदारी समजणाऱ्यावर दुप्पट असते, हलकी नसते. दाताचे वेष्टन एकदा गेले की पुन्हा उगवत नाही. काहींचे दात कायमचे गेले, आणि दातदुखी शब्दांत सांगता न येणाऱ्या माणसाने ती कशी सोसली असेल याचा एकही स्तंभ त्या कोष्टकांत नाही. अहवाल वाचणाऱ्या पिढ्यांनी तो दंतशास्त्राचा आधारस्तंभ म्हणून गौरविला. स्वीडनमध्ये त्याची नैतिक झाडाझडती सविस्तर व्हावयास मात्र पुढे अनेक दशके जावी लागली.

हेच सत्य कोणाचेही दात न किडविता मिळविता येत होते, याचा दाखला दुसऱ्या गोलार्धात त्याच वर्षांत तयार होत होता. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात बाउरल या गावी, होपवुड हाऊस नावाच्या घरात १९४२ पासून एका धनिक गृहस्थाने लहान मुलांचा सांभाळ चालविला होता. त्याची स्वतःची आहाराविषयी ठाम मते होती. त्यामुळे मुलांना कोंड्यासकट गव्हाचा पाव, दूध, अंडी, भाज्या, फळे, सुका मेवा हे भरपूर मिळे, आणि साखर व मैदा जवळजवळ नाही. सिडनीच्या दंतसंशोधकांनी १९४७ ते १९६२ या काळात त्या मुलांची दरसाल तपासणी केली. तेराव्या वर्षी होपवुडच्या मुलामागे किडलेले, भरलेले किंवा काढलेले दात सरासरी १.६ भरले, तर त्याच प्रांतातील सरकारी शाळांतल्या मुलामागे १०.७, मुळीच कीड नसलेली मुले एकीकडे ५३ टक्के, दुसरीकडे अर्धा टक्काही नाहीत. या मुलांच्या दातांची स्वच्छता बेताचीच होती, आणि गावच्या पाण्यात फ्लोराइडही नाममात्र होते, म्हणून श्रेय आहारालाच द्यावे लागते. मुले मोठी होऊन बाहेरचे खाणे खाऊ लागताच त्यांचे दातही इतरांसारखेच किडू लागले. हीच त्या निरीक्षणातील सर्वांत बोलकी गोष्ट होय: बालपणीच्या पथ्याने दाताला जन्मभराचे अभय मिळाले नव्हते.

तिसरा पुरावा कोणी योजलेला नव्हता. तो युद्धाने आपोआप घडविला. नॉर्वेत, इतर व्याप्त देशांत आणि जपानमध्ये साखर दुर्मिळ झाली, आणि मुलांचे दात सुधारले. मूळच्या नॉर्वेच्या राइडार सोग्नेस या संशोधकाने १९४८ साली यूरोपातील मुलांच्या युद्धकालीन नोंदी एकत्र करून असे निदर्शनास आणले की, दंतक्षयाची घट साखर कमी झाल्याबरोबर दिसली नाही, काही वर्षांच्या अंतराने दिसली. आणि यावरून, जे दात युद्धकाळात घडत होते त्यांची घडणच पक्की झाली असावी असे अनुमान त्याने काढले. मेलन्बीबाईंचा पक्ष अशा रीतीने पुन्हा उभा राहिला.

त्याच काळात आपल्याकडे साखरेचा अर्थ निराळा होता. लुंडमध्ये कोष्टके भरली जात असतानाच, १९५० च्या सुमारास, अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि सावकारी पाशातल्या रयतेला ऊस हा मुक्तीचा मार्ग वाटू लागला. तो विश्वास यथार्थ होता, आणि म्हणूनच मराठी माणसाने या इतिहासाकडे परक्याची गोष्ट म्हणून पाहू नये असे मला मनापासून वाटते.

पुरावा १९५४ पर्यंत हाती असताना जगाने त्याचे केले काय? अमेरिकेत १९७१ साली दंतक्षय-निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला, तेव्हा साखर कमी खाण्याचा मार्ग बाजूला सारून, दातांवरचा थर विरघळविणारी द्रव्ये आणि कीडविरोधी लस यांच्या शोधाला प्राधान्य मिळाले. इलिनॉय विद्यापीठाच्या दफ्तरखान्यातील जुना पत्रव्यवहार तपासून संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की, साखर व्यवसायाच्या संस्थेने सरकारकडे धाडलेल्या मसुद्याचा ७८ टक्के भाग त्या कार्यक्रमाच्या आवाहनात उतरला होता. लस आजतागायत आलेली नाही, आणि त्या वर्षांत वाढलेल्या मुलांचे दात परत येणार नाहीत.

यानंतर प्रश्न दातांपुरता उरला नाही, आणि याही वेळी पुरावा युद्धकाळानेच पुरविला. ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९४० रोजी साखरेवर नियंत्रण आले, १९४२ मध्ये मिठाईवर. १९४९ च्या एप्रिलमध्ये मिठाई खुली केली तेव्हा दुकानांवर अशी झुंबड उडाली की ऑगस्टमध्ये पुन्हा नियंत्रण घालावे लागले. शेवटी १९५३ च्या फेब्रुवारीत मिठाई आणि सप्टेंबरात साखर मोकळी झाली, आणि दरडोई दैनिक साखर सुमारे ४० ग्रॅमवरून ८० ग्रॅमच्या घरात गेली. या तारखेच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेल्या सुमारे साठ हजार माणसांच्या आरोग्याच्या नोंदी ताडून पाहून तादेया ग्राचनेर या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ साली असे प्रसिद्ध केले की, गर्भावस्थेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे हजार दिवस ज्यांचे नियंत्रणाखाली गेले, त्यांना उतारवयात मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी व रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी राहिला; या संरक्षणाचा अदमासे तिसरा हिस्सा जन्मापूर्वीच पदरात पडलेला होता. शरीर घडत असताना काय मिळाले, हा मेलन्बीबाईंचा आणि सोग्नेसचा जुना प्रश्न येथे दातांऐवजी स्वादुपिंडाविषयी आणि रक्तवाहिन्यांविषयी विचारला गेला आहे, आणि उत्तर तसेच खंबीर आले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मुक्त साखरेची, म्हणजे वरून घातलेल्या तसेच मध व फळरसांतील साखरेची, मर्यादा एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांखाली ठेवण्याची शिफारस केली, आणि त्यापुढे, जमल्यास पाच टक्क्यांखाली यावे असे सशर्त सुचविले. हा पाच टक्क्यांचा आकडा मधुमेहाच्या किंवा हृद्रोगाच्या संशोधनातून आलेला नाही. त्याला आधार आहे तो युद्धकाळात आणि युद्धानंतर साखर जवळजवळ नाहीशी झालेल्या देशांतील मुलांच्या दातांच्या नोंदींचा, ज्यांत जपानच्या शाळांतील तपासण्या प्रमुख आहेत. शिफारशीसोबतच्या टिपणात तो पुरावा दुबळ्या प्रतीचा म्हणून नोंदविला आहे, कारण ती योजून केलेली परीक्षा नव्हती. आणि योजून केलेली परीक्षा कशी असते हे विपेहोल्मने दाखविल्यानंतर ती पुन्हा कोणी करणे शक्यही नाही, इष्टही नाही.