नाईक यशवंत घाडगे

टायबर नदीचें नांव आपणां कॅथलिकांस परकें नाहीं. जिच्या तीरीं रोमनगरी वसली व संत पेत्राची समाधि झाली, ती ही नदी आम्हां धर्मगुरूंस सेमिनरींतील लॅटिन पाठांपासून ओळखीची. ह्याच नदीच्या वरच्या खोऱ्यांत, उंब्रियाच्या डोंगराळ मुलखांत, ता. १० जुलै १९४४ रोजीं माणगांव तालुक्यांतील पळसगांवचा एक २२ वर्षांचा जवान धारातीर्थीं पडला. त्याचें नांव नाईक यशवंत घाडगे. तो ख्रिस्ती नव्हता. आपल्या धर्मग्रामाशीं त्याचा संबंधहि नव्हता. ज्युबिलीच्या ह्या पुस्तकांत धर्मगुरु, दाते व इमारती ह्यांच्या हकीकती येणें रास्तच आहे. परंतु ज्या भूमीवर आपण यात्रेकरू म्हणून पाऊल ठेवितों, तेथें ह्या शेजाऱ्याचें रक्त सांडलें आहे. म्हणून एक पान त्याचें.

कोंकणांत भाताचें पीक निघालें कीं तरुणास बहुधा दोनच वाटा असत: मुंबईची गिरणी अथवा पलटण. यशवंत पलटणींत गेला. मराठा पलटणींचा इतिहास १७६८ सालापर्यंत मागें जातो. दुसऱ्या महायुद्धांत हिंदी सैन्याची संख्या २५ लक्षांवर गेली, आणि हे सारे स्वेच्छेनें भरती झालेले होते. त्याच काळांत, १९४२ सालीं, ‘चले जाव’ची हांक उठली होती. एकाच घरांतील एक मुलगा तुरुंगांत व दुसरा पलटणींत, असेंहि तेव्हां घडे. पोटासाठीं बंदूक उचलली म्हणून शिपायास भाडोत्री म्हणणारे लोक आढळतात. भाकरीची चिंता ज्यांस कधीं पडली नाहीं, त्यांनाच हा शब्द सोपा वाटतो.

ता. ४ जून १९४४ रोजीं रोम दोस्तांच्या हातीं आलें. जर्मन सैन्य उत्तरेकडे हटत होतें, पण टेकडी टेकडी लढवीत हटत होतें. कारण मागें गॉथिक रेषेची तटबंदी पुरी होईपर्यंत त्यास वेळ हवा होता. अशाच एका पक्क्या ठाण्यावर पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीची एक कंपनी चालून गेली. यशवंताच्या हाताखालच्या तुकडीवर मशीनगनचा अगदीं जवळून मारा झाला. नायकाखेरीज तुकडींतील प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. आतां सोबतीस कोणी नाहीं, हें जाणूनहि तो एकटा धांवला. हातबाँब टाकून त्यानें मशीनगन व ती चालविणारा निकामी केला. दुसऱ्यास टॉमीगननें टिपलें. मॅगझिन बदलण्यास अवसर नव्हता. तेव्हां त्यानें बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांस तिच्या दस्त्यानें ठार केलें. इतक्यांत लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातींत व पाठींत शिरल्या, आणि जिंकलेल्या ठाण्यांतच त्यानें प्राण सोडला.

सरकारी गॅझेटांतील ही हकीकत वाचतांना त्या शेवटच्या दोघांपाशीं मी दर वेळीं अडखळतों. त्यांचीं नांवें तेथें नाहींत. त्यांनाहि आया असतील. कदाचित् माझ्याच प्रार्थना त्यांनीं लहानपणीं पाठ केल्या असतील. यशवंताचें शौर्य ह्यानें उणें होत नाहीं, परंतु वीरकथा सांगतांना एवढा भाग गाळून जाणें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. त्या ठाण्यांत मारणारा व मेलेले अखेर एकाच मातीवर पडले.

त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९४५ सालीं दिल्लीस व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल ह्यांच्या हातून तो त्याच्या तरुण विधवेनें स्वीकारला. पदक राजाचें, दुःख तिचें. पुढें राज्य पालटलें, आणि परक्या झेंड्याखालीं पडलेल्या ह्या पोरांची आठवण सोयीची राहिली नाहीं. माणगांवांत मात्र त्याचा पुतळा उभा आहे. इटलींत, पेरूजानजीकच्या मोन्तोने गांवीं, जुलै २०२३ मध्यें त्याच्या नांवें एक सूर्यघटिका उभारण्यांत आली. तिजवर सारे एकाच सूर्याखालीं आहेत, अशा अर्थाचें लॅटिन वचन आहे.

त्याच्या तुकडींतील इतरांचीं नांवें मात्र त्या गॅझेटांत नाहींत. जे मेले, ते युद्धस्मारकांच्या याद्यांत सांपडतील. जे जखमी होऊन घरीं परतले, त्यांस त्यांच्या गांवांतच शोधावें लागेल.